असेंबल्ड पीसी: एक शास्त्रोक्त विधी

घरच्या घरी गेमिंग पीसी जुळवण्याची पहिली पायरी म्हणजे घरच्यांची संमती. या पायरीवर ‘गेम’ हा शब्द तोंडातून काढू नये. इच्छुकाने आईला सांगावे की हॉलमधल्या टीव्हीला जोडला की जुनी नाटके मोठ्या पडद्यावर दिसतील. वडिलांना सांगावे की अभ्यासाला, जमल्यास कोडिंगला उपयोग होईल. बजेट विचारलेच, तर मनातल्या आकड्यातून ग्राफिक्स कार्डाची किंमत वजा करून उरेल ते सांगावे. कार्ड नंतर ‘सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळालं’ या सदराखाली घरात येते.

दुसरी पायरी कोटेशनची. मुंबईकराने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण संगणकाचे गिऱ्हाईक लॅमिंग्टनलाच जाते. दुकानदार मान वर न करता सहा ओळींचा कागद हातात ठेवतो: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कार्ड आणि तळाशी ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. परंपरेनुसार तळाची ओळ वाचायची नसते.

खरेदी मात्र कॅबिनेटपासून सुरू करावी, कारण घरी येणारे पाहुणे तेवढेच पाहणार आहेत. तिन्ही बाजूंनी काच हवी. पुढच्या पंख्यांना हवा ओढायला जेमतेम बोटभर फट उरते, पण रंगीत दिवे उठून दिसतात. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, खोलीपेक्षा थंड हवा त्याला कुठून मिळणार, हा विचार नागपूरकराने मे महिन्यात बाहेर ४५ अंश झाल्यावर करावा. जाळीदार पुढा असलेली कॅबिनेटे त्याच किमतीत मिळतात. ती दिसायला अगदीच कामसू असल्यामुळे दुकानात मागे ठेवलेली असतात. दिव्यांच्या वायरीही दोन जातींच्या: तीन पिनांच्या पाच व्होल्टवर चालतात, चार पिनांच्या बारा व्होल्टवर. तीन पिनांची चार पिनांच्या जागी जोर लावून बसवली, तर दिवाळी एकदाच होते.

आता प्रोसेसर. येथे एकच प्रश्न विचारण्याची प्रथा आहे: ‘आय सेव्हन आहे ना?’ कितव्या पिढीचा, हे विचारणे अपमानास्पद समजले जाते. म्हणूनच २०११ सालचा आय७-२६०० अजून ‘गेमिंग पीसी’च्या जाहिरातींत दिमाखाने मिरवतो. त्याला चार कोअर आणि आठ थ्रेड. २०२२ सालच्या आय३-१२१०० लाही नेमके तेवढेच, आणि वेगात हा धाकटा त्या थोरल्याला सहज मागे टाकतो. पण चारचौघांत ‘आय थ्री घेतला’ म्हणायला छाती लागते.

आकड्यामागच्या अक्षराकडेही दुर्लक्ष करावे. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल, तर त्या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसते. थोडे पैसे वाचतात. मग कार्ड दुरुस्तीला गेले की घरात आवाज करणारा एक काळा डबा उरतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला तर हीच गत, ५६००जी घेतला तर निदान पडदा उजळतो.

बोर्ड निवडताना फक्त सॉकेट जुळवून थांबावे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, काही डीडीआर५. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात. हे रॅम घरी आल्यावर कळते. एएमडीच्या २०२२ सालच्या एएम५ने ही गंमत घालवली, तिथे डीडीआर५ शिवाय पर्यायच नाही.

रॅमबाबत तर काळच मजेदार आहे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी बाजारातली मेमरी इतकी ओढून घेतली की भाव कडाडले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदा आवरता घेत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे आठ-आठच्या दोन पट्ट्यांऐवजी सोळाची एकच घ्यावी आणि ‘दुसरी भाव उतरल्यावर’ म्हणावे. एका पट्टीवर मेमरीची निम्मी वाट बंद राहते, हे गेम अडखळायला लागल्यावर समजून घेता येते. दोन घेतल्याच, तर शेजारी शेजारी खोचाव्यात. दिसायला छान दिसतात. चार खाचांच्या बोर्डाच्या पुस्तिकेत बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच सांगितलेली असते, पण पुस्तिका कोण उघडतो? डब्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करेपर्यंत ४८०० च्या आसपास रेंगाळते, हेही त्याच पुस्तिकेत असते.

ग्राफिक्स कार्डाला ‘किती जीबी?’ एवढेच विचारावे. मेमरी कोणत्या जातीची, हा किरकोळ मुद्दा. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड याचा आदर्श नमुना. आधी ते जीडीडीआर५ मेमरीसह आले, तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ वाले आले, वेग १७ जीबीपेक्षाही कमी. नाव तेच, मेमरी तेवढीच दोन जीबी आणि गेममध्ये दम जवळजवळ निम्मा. कार्डाची लांबी मोजायची पद्धत नाही. आरटीएक्स ४०९० चे मूळ मॉडेल ३०४ मिलिमीटर लांब आहे. ते बसेना म्हणून कॅबिनेटमधला हार्डडिस्कचा पिंजरा करवतीने कापणाऱ्याला हौशी नव्हे, साधक म्हणावे.

आणि आता ती न वाचलेली तळाची ओळ. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, हातात घेतला की रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. मोठे घर, पोकळ वासा. वर ठसठशीत अक्षरांत ४५० वॅट. कडेच्या स्टिकरवर बारीक तक्ता असतो: ३.३, ५ आणि १२ व्होल्ट, प्रत्येकाखाली ॲम्पिअर. समजा १२ च्या खाली १६ लिहिलेले आहे. बारा सोळे एकशे ब्याण्णव. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचे पोट मुख्यतः याच १२ व्होल्टच्या ताटावर भरते. आय५-१२४००एफ भर जोमात ११७ वॅटपर्यंत मागतो, आरटीएक्स ४०६० सारखे मिताहारी कार्ड ११५. बेरीज २३२. म्हणजे ४५० चा दावा करणाऱ्या डब्याच्या पंगतीत दोघेच बसले आणि तेही अर्धपोटी उठले. गेम ऐन रंगात असताना पीसी स्वतःहून बंद पडतो तेव्हा सगळे ‘विंडोजचा प्रॉब्लेम’ म्हणतात आणि विंडोज पुन्हा टाकतात.

नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ शिक्क्याचा एसएमपीएस घ्यावा असे सांगणारे लोक असतात. हा शिक्का २००४ पासून आहे. ब्राँझपासून टायटॅनियमपर्यंत पायऱ्या आहेत, आणि गोल्डचा डबा निम्म्या भारावर नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो. चांगल्या डब्यांना सात-सात, दहा-दहा वर्षांची वॉरंटी मिळते. पण तो कॅबिनेटच्या तळाशी झाकलेला राहतो आणि त्यात दिवा नसतो, तेव्हा त्यावर पैसे घालणे म्हणजे उधळपट्टीच. यूपीएसचेही तसेच: ६०० व्हीए लिहिलेला बहुधा ३६० वॅटचाच असतो. गावी भारनियमन असेल तर हा हिशेब अंधारात करता येतो.

महागातले महाग घेतल्यानेही सुटका होत नाही. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरसह आले आणि जगभरातून तो वितळल्याचे फोटो येऊ लागले. पुष्कळ ठिकाणी प्लग शेवटपर्यंत दाबलेला नव्हता, असे एनव्हिडियाने सांगितले.

आईला दिलेल्या वचनाचे काय? व्हिडिओ चालवणारे कोडी हे सॉफ्टवेअर मूळचे एक्सबॉक्स या गेमच्या डब्यासाठी बनले, २०१४ पर्यंत त्याचे नावच एक्सबीएमसी होते. तेव्हा गेम आणि नाटक एकाच डब्यात ही कल्पना अगदीच पोकळ नाही. पण नेटफ्लिक्सचे फोरके हवे तर प्रीमियम प्लॅन, आणि कार्डापासून पडद्यापर्यंत प्रत्येक कडीला एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारे कुलूप यायला हवे. फोरके ब्लू-रे तबकडीची तऱ्हा याहून न्यारी: ती पीसीवर चालवायला इंटेलची एसजीएक्स नावाची सोय लागत असे, आणि इंटेलने ती डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून काढून टाकली. नवा प्रोसेसर घेतला म्हणून तबकडी चालेना, अशी ही प्रगती. स्पष्टच सांगायचे तर नुसती नाटके आणि मालिका पाहायला काही हजारांची टीव्ही स्टिक पुरते, आणि ती पंख्याचा आवाजही करत नाही.

जोडणीसाठी ‘द व्हर्ज’ या अमेरिकी संकेतस्थळाचा सप्टेंबर २०१८ चा व्हिडिओ आदर्श मानावा. त्यात हाती चिमटा होता आणि थर्मल पेस्ट सढळ हस्ते थापली होती. जगभर इतके हसे झाले की व्हिडिओ उतरवावा लागला. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. कूलरच्या बुडाची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी मात्र काढावी लागते. ती तशीच ठेवून कूलर बसवणारे आजही आहेत.

पीसी सुरू झाला की मॉनिटरची केबल हमखास बोर्डाच्या छिद्रात खोचली जाते आणि बाजूचे महागडे कार्ड रिकामे बसते. ती कार्डालाच लावावी. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडावे, नाहीतर पैसे १४४ चे आणि चित्र ६० चे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर दोष पीसीला देण्याआधी घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

आणि बिल. दुकानदार बिलाशिवाय अठरा टक्के जीएसटी वाचवून देऊ म्हणेल. नको म्हणावे. सर्व्हिस सेंटरचा खाक्या ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ असा असतो. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, आणि बिल थर्मल कागदावरचे असेल तर त्याचा फोटो त्याच दिवशी काढावा, कारण त्यावरची अक्षरे वॉरंटी संपायच्या कितीतरी आधी उडून जातात.