पाच मिनिटांचं पुस्तक, दोन तासांचं प्रकाशन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मुलांच्या चित्रपुस्तकाला कुठल्या कोपऱ्यात बसवायचं, याचा निकाल अजून लागायचा आहे. करखात्याने मात्र तो केव्हाच लावून टाकला. वस्तू आणि सेवा कराच्या यादीत ४९०३ हा क्रमांक खास आमचा. मुलांची चित्रांची पुस्तकं आणि रंगवायची पुस्तकं तिथे एका ओळीत बसली आहेत. वरच्या क्रमांकावर वर्तमानपत्रं, खालच्या क्रमांकावर छापील संगीत. म्हणजे रद्दी आणि रागदारी यांच्या मधोमध का होईना, सरकारदरबारी आमची जागा पक्की आहे. कर शून्य. समीक्षेतही साधारण तेवढंच पदरात पडतं.

चारचौघांत ‘मी लिहिते’ असं सांगितलं की समोरचा जरा सावरून बसतो. कविता ऐकवेल की काय, अशी धास्ती असते. ‘मुलांसाठी लिहिते’ म्हटलं की तो सैल होतो आणि तोंडभरून कौतुक करतो. “वा वा, छानच! आणि मोठं काही कधी लिहिणार?” मी अजून शिशुवर्गात आहे आणि नीट अभ्यास केला तर मला वरच्या वर्गात घालतील, असा त्यात दिलासा असतो. आमच्या एक मामेसासूबाई अधिक व्यवहारी आहेत. त्यांनी विचारलं, “वर्षभर लिहितेयस ना गं? किती पानं झाली?” म्हटलं, बत्तीस. “आणि शब्द?” म्हटलं, असतील साडेतीनशे. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. “म्हणजे दिवसाला एकच की!” त्यांच्या स्वरात राग नव्हता. काळजी होती.

आता बत्तीस पानं ही काही माझी निवड नाही, ती छापखान्याची आहे. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी पानं छापून घड्या घातल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो. असे दोन फर्मे म्हणजे ३२ पानं. त्यातून पुस्तकाच्या नावाचं पान गेलं, प्रकाशकाच्या पत्त्याचं पान गेलं, अर्पणपत्रिका हवीच असेल तर तेही गेलं. उरलेल्या पानांत राजकन्येचं लग्न लागलं नाही, तर पानं वाढत नाहीत. वऱ्हाड कमी करावं लागतं.

शिवाय चित्रकार नावाचा एक गृहस्थ असतो. माझं एक वाक्य होतं: काळ्याभोर ढगांखाली, ओल्या पायवाटेवरून, लाल छत्री सावरत मुलगी धावत होती. चित्रकाराने ढग काढले, ते काळेभोर केले, पायवाट ओली केली, छत्री लाल रंगवली आणि मुलीला धावायला लावलं. मग माझ्या वाक्यात उरलं काय? “आणि मग…” पुस्तकात त्या पानावर आता एवढेच दोन शब्द आहेत, आणि भेटेल तो मला सांगतो की ते पान सगळ्यांत चांगलं उतरलंय. आपण लिहिलेलं पुसून टाकलं की पुस्तक सुधारतं, हे पचवायला मोठ्यांच्या लेखकांपेक्षा अधिक मोठं मन लागतं, असं आम्ही आपापसात म्हणतो. माधुरी पुरंदऱ्यांचा मला या बाबतीत फार हेवा वाटतो. ‘राधाचं घर’ त्यांनीच लिहिलं आणि चित्रंही त्यांनीच काढली. तिथे लेखिका आणि चित्रकार यांचं भांडण झालंच असेल, तर ते घरातल्या घरात मिटलं असणार.

दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली तरी अडचण येते, पण तिच्यातून वाटही निघते. मॉरिस सेंडाक या अमेरिकी चित्रकार-लेखकाच्या मनात आधी रानटी घोड्यांचं पुस्तक होतं. घोडे काही त्याच्या हातून नीट उतरेनात. तेव्हा त्याने घोडे सोडले आणि दात, शिंगं, नखं असलेली अशी काही जनावरं काढली, की ती नेमकी कोण आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे ‘हे असं नसतं’ म्हणायची सोयच राहिली नाही. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं. इंग्रजी शब्द ३३८. मामेसासूबाईंना मी हा आकडा मुद्दाम कळवला.

असो. पुस्तक छापून येतं आणि त्याचं प्रकाशन करावं लागतं. करावंच लागतं असं नाही, पण केलं नाही तर लोक विचारतात, आणि केलं तर येत नाहीत. वेळ सायंकाळी साडेपाचची, म्हणजे मुलांची खेळायची. व्यासपीठावर समई असते, समईवर पंखा असतो. पंखा बंद केला की पाहुण्यांना उकडतं, चालू केला की वात विझते. पुस्तक चकचकीत कागदात गुंडाळून वर रिबिन बांधलेली असते. मान्यवर ती गाठ नखांनी सोडवत बसतात. पहिल्या रांगेतून “फाड ना!” असा अत्यंत योग्य सल्ला येतो आणि त्या सल्लागाराला त्याची आई खाली बसवते. मग सगळे पुस्तक छातीशी धरून उभे राहतात. त्यातल्या एकाने ते हमखास उलटं धरलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच फोटो वर्तमानपत्रात येतो.

चित्रपुस्तकाच्या प्रकाशनाचा एक फायदा मात्र कबूल करायला हवा. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक खरोखर वाचलेलं असतं. कादंबरीच्या बाबतीत याची खात्री देता येत नाही. आमचं पुस्तक रिक्षातून येता येता, सिग्नलला थांबल्यावरसुद्धा वाचून होतं. दोष इतकाच की पाच मिनिटांत वाचून झालेल्या पुस्तकावर पाऊण तास बोलायचं असतं. त्यामुळे पाहुणे आधी पंचतंत्राकडे जातात, तिथून साने गुरुजींकडे येतात आणि शेवटी मोबाइलवर स्थिरावतात. “आजची मुलं वाचत नाहीत,” असं ते खेदाने सांगत असतात, तेव्हा सभागृहाच्या मागच्या बाजूला विक्रीच्या टेबलाखाली तीन-चार मुलं मांडी घालून तेच पुस्तक वाचत बसलेली असतात. आईचं लक्ष जातं. “अरे, इकडे ये. ते बघ, वाचनाचं महत्त्व सांगतायत. ऐक जरा.” आणि मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेऊन त्याला वाचनाचं महत्त्व ऐकायला बसवलं जातं.

आमच्या धंद्याची सगळी गोम इथेच आहे. पुस्तक ज्याच्यासाठी असतं त्याच्याकडे पैसे नसतात. ज्याच्याकडे पैसे असतात त्याच्याकडे वेळ नसतो. ज्यांच्याकडे वेळ असतो त्या आजी-आजोबांना यातून बोध काय मिळतो हे आधी कळायला हवं असतं. निमंत्रणपत्रिका, शाल, श्रीफळ, भाषणं, बटाटेवडे, सगळं मोठ्यांसाठी. हत्तीला शिंक का आली, हे जाणून घ्यायची ज्याला खरोखर निकड आहे, तो एकटाच या कारभाराबाहेर असतो.

प्रकाशनानंतर प्रसिद्धी. हल्ली प्रकाशक सांगतात, “ताई, रील करा.” मग मी खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून, पुस्तक हनुवटीखाली धरून हसते. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला की अंगठे, हात जोडलेले, फुलं, केक यांची रांग लागते. त्यात ‘कुठे मिळेल?’ असं विचारणारा एखादाच निघतो. बाकीचे ‘आम्हाला एक प्रत राखून ठेव हं’ म्हणतात. राखून ठेवणे म्हणजे फुकट देणे, हे आता मला समजतं. कुणाला वाटतं की लेखकाच्या घरी पुस्तकं पिकतात. हिशेब साधा आहे. पुस्तकाची किंमत १०० रुपये धरा आणि रॉयल्टी दहा टक्के. त्या दहा रुपयांतले निम्मे चित्रकाराचे, आणि ते त्याच्या हक्काचेच आहेत. मला उरतात ५ रुपये. एका मिसळीसाठी वीसेक घरांतली मुलं कामाला लागतात.

‘आमच्या वेळी नव्हती बाई ही जाहिरातबाजी’ असं कुणी म्हणालं की मी बिएट्रिक्स पॉटरबाईंचं नाव घेते. तिच्या सशाच्या गोष्टीला प्रकाशकांनी नकार दिले, तेव्हा तिने डिसेंबर १९०१ मध्ये पदरच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. पुस्तक छोट्या हातात मावेल एवढंच असावं आणि स्वस्त असावं, हा तिचा हट्ट होता. पुढच्या वर्षी एका प्रकाशकाने ते काढलं आणि ससा धावतच सुटला. तरी बाई घरी बसून राहिली नाही. १९०३ मध्ये तिने त्या सशाची बाहुली स्वतः तयार केली आणि ती पेटंट कार्यालयात नोंदवून टाकली. तेव्हा रील नव्हती म्हणून, नाहीतर तिने तीही केली असती आणि माझ्यापेक्षा बरी केली असती.

पुस्तक प्रदर्शनातल्या स्टॉलवर बसणं हा प्रसिद्धीचा पुढचा टप्पा. तिथे आमच्या पुस्तकाचं मर्म आणि संकट एकदमच कळतं. एक आजोबा नातवाला घेऊन येतात. आधी पुस्तक उलटं करून किंमत बघतात, मग पानं फुलवतात. “ताई, यात वाचायला काय आहे? नुसती चित्रंच दिसतायत.” मी म्हणते, वाचून तर बघा. ही माझी विक्रीची युक्ती. आजोबा चष्मा लावतात आणि उभ्या उभ्या नातवाला गोष्ट वाचून दाखवतात. काय सुरेख वाचतात! वाघाचा आवाज काढतात, म्हातारीचा काढतात, शेवटच्या पानाआधी बरोबर थांबतात. आजूबाजूची मुलं जमतात, मीही भान हरपून ऐकते. मग आजोबा पुस्तक मिटून माझ्या हातात देतात. “छान आहे. झालं वाचून.” आणि चालू लागतात. स्टॉलवर उभ्या उभ्या संपूर्ण उपभोगता येईल असं दुसरं वाङ्मय नाही. वाचवतं ते एकच, नातू. तो जागचा हलत नाही. “झालं ना वाचून?” “पुन्हा!” ‘घरी गेल्यावर दुसरी सांगतो’, ‘तुझ्याकडे आहेत तेवढी बास’ हे सगळे उपाय थकतात आणि आजोबा पाकिटात हात घालतात. आमचा विक्री विभाग म्हणतात तो हा. पगार नाही, सुट्टी नाही, आणि रडण्यात प्रावीण्य.

शाळेत बोलावतात तेव्हा मला फार आवडतं. विशेषतः गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. गुलाबाचं फूल मिळतं, फळ्यावर रंगीत खडूने नाव असतं. गुरुजी आधी हाताची घडी आणि तोंडावर बोट करायला लावतात, आणि लगेच म्हणतात, “आता मॅडमना भरपूर प्रश्न विचारा.” तोंडावरचं बोट निघायला जरा वेळ लागतो. एकदा निघालं की मग कुठलाही समीक्षक विचारणार नाही असे प्रश्न येतात. म्हातारी एकटीच राहते तर तिचं रेशन कोण आणतं? वाघाला दारावरची घंटा कशी सापडली, त्याचा हात पोचतो का? आणि हमखास येणारा, “चित्रं तुम्ही का नाही काढली? येत नाहीत?” या शेवटच्या प्रश्नाला मी होकार देते तेव्हा वर्गातली दहा मुलं मायेने सांगतात, “आम्ही शिकवतो.”

वाचताना मी मुद्दाम एखादा शब्द बदलून पाहते. ज्या वर्गात पुस्तक आधी पोचलेलं असतं तिथे लगेच ओरडा होतो. पुस्तक माझं आहे, शब्द माझा आहे, पण तो बदलायचा अधिकार माझा राहिलेला नसतो. रात्री झोप आली म्हणून दोन पानं एकदम उलटणाऱ्या बाबांना हा अनुभव घरोघरी येतच असेल.

सेंडाकने सांगितलेला एक किस्सा आहे. जिम नावाच्या मुलाने त्याला चित्र काढून पत्र पाठवलं. सेंडाकने उत्तरादाखल स्वतःच्या हाताने जनावराचं चित्र काढून कार्ड धाडलं. मुलाच्या आईचं उत्तर आलं, की जिमला ते कार्ड इतकं आवडलं, की त्याने ते खाऊन टाकलं. आपल्याला मिळालेल्या सर्वांत मोठ्या दादींपैकी ही एक, असं सेंडाक म्हणत असे. मोठ्या माणसाने ते कार्ड चौकटीत घालून भिंतीवर टांगलं असतं आणि नंतर त्याच्याकडे पाहिलंही नसतं.

म्हणून चित्रपुस्तकाचा खरा प्रकाशन समारंभ सभागृहात होत नाही, असं माझं मत बनलं आहे. तो कुणाच्या तरी घरी होतो, मूल पुस्तक दुसऱ्यांदा पुढे करतं तेव्हा. तिथे लेखिकेला निमंत्रण नसतं, शाल नसते, आभारप्रदर्शन नसतं. पहिलं वाचन पुस्तकाच्या मुखपृष्ठामुळे होतं, आजोबांच्या आवाजामुळे होतं, माझ्या ओळखीमुळेही होतं. दुसरं मात्र पुस्तकाला स्वतःच्या जोरावर मिळवावं लागतं.

तेव्हा आमच्या पुढच्या प्रकाशनाला अवश्य या. मुलांना घेऊन या. भाषणं सुरू झाली की त्यांना खुशाल टेबलाखाली जाऊ द्या, आम्हाला अजिबात वाईट वाटणार नाही. घरी गेल्यावर पुस्तक शोकेसमध्ये ठेवू नका, त्यांच्या हाताला लागेल असं ठेवा. कान मुडपले, पान फाटलं, एखाद्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा दिसल्या तर रागावू नका, चिकटपट्टी लावा. अगदीच खाऊन टाकलं तर दुसरी प्रत घ्या. प्रकाशनाच्या दिवशी सवलत असतेच, पण छापील किमतीला घेतलीत तरी आमची काही हरकत नाही.