प्लग नवे, थरथर नवी

श्टुटगार्ट

तीर्थस्वरूप नानाकाकांस,


फियाटचे चारही प्लग बदलले आणि तेव्हापासून ती सिग्नलला उभी राहिली की मिसिंग मारते, फ्रीवेवर मात्र मुकाट पळते, ही वार्ता इथे पोचली. सोबत वडाळ्यातली तज्ज्ञ मतंही पोचली. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर खोला. तळमजल्यावरचे बंडूकाका म्हणतात सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. काकूंचं मत, गाडी विका. आणि तुमचं म्हणणं असं की प्लग कोरे करकरीत आहेत, तेव्हा ते सोडून बाकी काहीही बोला. शेवटी निवाडा आमच्याकडे आला, कारण आम्ही श्टुटगार्टात राहतो. मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरं आहेत हे खरं, आणि बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्डने 1902 मध्ये हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग याच गावात सिद्ध केला हेही खरं. पण गावात प्लग जन्मला म्हणून रहिवाशांना इंजिन कळतं असं मानलं, तर आरटीओ शेजारी असल्यामुळे वडाळ्यातल्या प्रत्येकाला गाडी चालवता येते असंही मानावं लागेल. ते तर तुम्हीच मानत नाही. म्हणून अधिकाराने नाही, नुसत्या तर्काने लिहितो: ज्या कामानंतर बिघाड आला, तपास त्या कामापासूनच सुरू व्हायला हवा. आणि जिथे फुकटात तपासता येतं तिथे पैसे शेवटी जायला हवेत.

आधी साक्ष बघू, कारण निम्मं निदान तुमच्या तक्रारीतच आहे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आयडलला मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला 400 वेळा पेटतो. त्यातला एक चुकायला लागला की सेकंदाला सहा-सात रिकामे ठोके पडतात आणि तेच स्टिअरिंगमधून तुमच्या हाताला जाणवतात. वेग वाढला की फ्लायव्हील ही खोट झाकून टाकतं. त्यामुळे फ्रीवेवर गाडी शांत असणं एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण चार माणसं बसवून ती फ्लायओव्हर दमदार चढते, हे तुमचं वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या टोकावर ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल कमजोर असती, वायर फुटकी असती किंवा प्लगची गॅप फार रुंद असती, तर गाडीने चढावरच मान टाकली असती. वायरींची अदलाबदल होऊन 1-3-4-2 हा क्रम बिघडला असता, तर तिने सायलेन्सरमधून फटाके वाजवून सगळ्या अँटॉप हिलला कळवलं असतं. ही सगळी मंडळी तूर्त निर्दोष सुटली.

उरतात ते आयडललाच डोकं वर काढणारे संशयित, आणि त्यांत तुमचे नवे प्लग पहिल्या रांगेत बसले आहेत. नवा म्हणजे निर्दोष, हे गृहीतकच तपासायला हवं. खोक्यातून काढताना प्लग फरशीवर पडला, तर खालचा वाकडा दांडा दाबला जातो आणि गॅप मिटत येते. पॉईंटवाल्या जुन्या गाड्यांना साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटर गॅप लागते. ती अर्ध्यावर आली तर ठिणगी उडते खरी, पण इतकी चिमुकली की आयडलचं विरळ मिश्रण तिला दाद देत नाही. दुसरी शक्यता आकड्याची. प्लग किती उष्णता धरून ठेवतो हे त्याच्या नंबरवरून कळतं, पण बॉशच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम, आणि एनजीकेच्या जपानी पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड. आपल्या पिढ्यांनी वापरलेला मायको प्लग हा बॉशच्याच घराण्यातला. बंगळुरूची ती कंपनी 1951 मधली, आणि 2008 मध्ये तिचं नावही बॉश झालं. तेव्हा दुकानदाराने ‘सातच्या जागी सात’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग दिला असेल, तर आकडा जुळला, प्लग जुळला असं होत नाही. फार थंड प्लग सिग्नलवर स्वतःची काजळी जाळू शकत नाही आणि हळूहळू काळा पडतो. 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उतरल्यावर कुर्ल्यात बनलेल्या या फियाटचा प्लग न बघता हातात देणारे दुकानदारही कमीच उरले असणार.

आता मेकॅनिकची बाजू. कार्बोरेटर बिघडत नाही असं कोण म्हणेल? पण तुमच्या गाडीत कार्बोरेटर एक आणि सिलिंडर चार. तो वाढतो ते चौघांच्या पानात सारखंच, त्यामुळे एकच उपाशी उठत असेल तर आचाऱ्याला धरून उपयोग नाही. बंडूकाकांच्या इथेनॉललाही हाच न्याय. इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, जुन्या रबरी नळ्यांना त्रास होतो, हे मान्य. पण प्लग बदलायच्या आदल्या दिवशी टाकीत तेच पेट्रोल होतं आणि चारही सिलिंडर तेच पीत होते. म्हणून प्रश्न एवढाच की थरथर एका सिलिंडरची की चौघांची. याचं उत्तर तुमच्या हातात आहे. इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून तिचं टोक हेडच्या धातूला टेकेल असं बसवा, मग चालू करून ऐका. चालू गाडीत वायर ओढायचा पराक्रम नको, तिथे हजारो व्होल्ट असतात. ज्याची वायर काढल्यावर आवाज आणखी बिघडतो तो सिलिंडर कामाचा. ज्याच्या असण्या-नसण्याने फरकच पडत नाही, तो आरोपी. त्याचा प्लग शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचा त्याला लावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग दोषी. जागेवरच राहिला तर वायरीची टोपी नीट बसली आहे का आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून तिथे हवा शिरते का, ते बघा.

तुम्ही म्हणाल, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. पॉईंट नेमके त्याच दिवशी झिजले असतील. असू शकतं. पण कावळा निर्दोष ठरवायचा तर त्याला उडवून बघावं लागतं, आणि ती सोय तुमच्याकडे आहे: जुने प्लग. आपल्या घरात काही फेकायची रीत नाही, तेव्हा ते माळ्यावर सुखरूप असणार. ते परत लावल्यावर गाडी शांत झाली तर खटला संपला. नाही झाली, तर पॉईंट, कंडेन्सर आणि मग कार्बोरेटर, या क्रमाने जा. दुसरा साक्षीदार म्हणजे पीयूसीची पावती. अशा जुन्या पेट्रोल गाडीची ती तपासणी आयडललाच होते आणि पावतीवर सीओ आणि एचसी असे दोन आकडे येतात. सीओ चढला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त, म्हणजे मेकॅनिकचं म्हणणं ऐकण्यासारखं. सीओ जागेवर आणि एचसी मात्र आभाळाला, तर बहुधा पेट्रोल न पेटताच बाहेर पडतंय आणि चौकशी प्लगकडे वळते.

एक मुद्दा मात्र मेकॅनिकला द्यायलाच हवा. जुने प्लग झिजत असताना कोणीतरी स्लो सेटिंगचा स्क्रू पिळून आयडल सांभाळलं असेल, तर नव्या प्लगला ते सेटिंग मानवणार नाही आणि ट्यूनिंग पुन्हा करावं लागेल. पण ते शेवटी. आधीच आयडल वाढवून ठेवलं तर थरथर दिसेनाशी होते, दोष तसाच राहतो आणि पेट्रोलचं बिल तेवढं वाढतं. प्लग परत बसवताना हातानेच आटे लावा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की खर्च प्लगचा राहत नाही. वॉशर टेकल्यावर कोऱ्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे, एकदा बसवलेल्याला त्याहून बराच कमी. जोर दाखवायला वडाळ्यात व्यायामशाळा आहेत.

काकूंना सांगा, निकाल लागेपर्यंत विक्रीला स्थगिती. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
श्टुटगार्टकर मंडळी

ता. क. ‘तिकडचे जर्मन प्लग पाठवा’ हा निरोप मिळाला. पाठवू, पण तेही नवेच असतील. तेव्हा फिलर गेज घालूनच लावा.