वेषांतराची गरज नाही

भायखळ्याच्या बाजारात भाजी विकणारे छगन भुजबळ १९७३ साली शिवसेनेचे नगरसेवक झाले, पुढे दोनदा मुंबईचे महापौर आणि १९८५ मध्ये माझगावचे आमदार. १९८६ च्या सीमा आंदोलनात ते पोलिसांना गुंगारा देत वेष पालटून बेळगावात शिरले. त्यानंतर मात्र वेषांतराची गरज उरली नाही. पक्षांतरावर भागत गेले.

१९९१ मध्ये काँग्रेस, १९९९ मध्ये राष्ट्रवादी. २००० साली ते गृहमंत्री असताना बाळासाहेब ठाकरेंना अटक झाली. न्यायालयाने त्याच दिवशी सोडले. २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंबरोबर शपथ घ्यायला भुजबळ हजर!

मतदारसंघाचेही तसेच. माझगावने १९९५ मध्ये पाडले, २००४ पासून येवल्याने उचलून धरले.

मध्ये दोन वर्षे तुरुंगवास झाला, तर महाराष्ट्र सदन प्रकरणातून २०२१ मध्ये दोषमुक्तीही. २०२३ मध्ये ते अजित पवारांसोबत सत्तेत गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळातून वगळले, तेव्हा रुसवा जाहीर झाला. मे २०२५ मध्ये शपथ झाली आणि तो मिटला. सरकारे बदलली, मुख्यमंत्री बदलले. खाते मात्र पुन्हा तेच, अन्न व नागरी पुरवठा.