नाव मोलोटोव्हचं, बाटली फिनलंडची

मोलोटोव्ह कॉकटेल मोलोटोव्हने शोधलेलं नाही. त्याच्या गौरवासाठी हे नाव ठेवलं, असंही नाही. ती बाटली फेकली गेली ती त्याच्याच फौजेवर.

30 नोव्हेंबर 1939. सोव्हिएत रणगाडे फिनलंडमध्ये घुसले आणि विमानांनी हेलसिंकीवर बॉम्ब टाकले. सोव्हिएत परराष्ट्रखातं मोलोटोव्हकडे होतं. त्याने जगाला सांगितलं की, आमची विमानं बॉम्ब नव्हे, उपाशी फिनिश जनतेसाठी अन्न टाकताहेत. ज्यांच्या डोक्यावर घरं कोसळत होती, त्यांच्याबद्दल बोललेलं हे धडधडीत खोटं! फिनिश लोकांनी त्या बॉम्बचं नाव ठेवलं ‘मोलोटोव्हची पावाची टोपली’. मग पावाबरोबर प्यायलाही काही हवंच. म्हणून रणगाड्यांवर फेकायची बाटली झाली ‘मोलोटोव्ह कॉकटेल’.

अशा बाटल्या त्याआधी स्पेनच्या यादवीतही रणगाड्यांवर फेकल्या गेल्या होत्या. पण नाव दिलं फिनलंडने, आणि तिथे त्या कारखान्यातही बनू लागल्या. सरकारी दारू कंपनी ‘आल्को’च्या रायामाकी इथल्या कारखान्यात लाखो बाटल्या भरल्या गेल्या. ज्वालाग्राही तेल चिकटून राहावं म्हणून त्यात डांबर मिसळलेलं असे. नेम धरायचा तो इंजिनावरच्या जाळीवर. रणगाडाविरोधी तोफा अपुऱ्या होत्या, त्यामुळे बाटली हातात घेऊन रणगाड्याच्या अगदी जवळ जावं लागे. तिथवर गेलेले सगळेच परतले नाहीत.

105 दिवसांनी तह झाला. जेमतेम 37 लाखांच्या त्या देशाने सुमारे 25 हजार माणसं गमावली, कारेलियाचा मोठा भाग गमावला आणि चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावं लागलं. मोलोटोव्ह मात्र 96 वर्षं जगला.

आज दंगलीत कुणी शेजाऱ्याच्या दुकानावर पेटती बाटली फेकतो आणि बातमीत छापून येतं ‘मोलोटोव्ह कॉकटेल’. मला याची चीड येते. नि:शस्त्र माणसाचं दुकान जाळणाऱ्याला रणगाड्यासमोर उभ्या राहिलेल्यांचा शब्द का बहाल करायचा? बातमी लिहिणाऱ्यांनो, आपल्याकडे ‘पेट्रोल बॉम्ब’ हा शब्द आहे, सगळ्यांना कळतो. तोच छापा.