माझं शिरस्त्राण-संशोधन

२०१९च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती आली तेव्हा विरोध म्हणून मी स्कूटर सोडून बसने हिंडलो. लढाईतली जुनी हेल्मेटं मात्र मला प्राणप्रिय. कायद्याने सांगितलेली वस्तू आम्हाला डोक्यावर नको असते, शोकेसमध्ये चालते.

हौस लागली ती केळकर संग्रहालयात. काकासाहेबांनी अडकित्त्यांपासून कोथरूडच्या मस्तानी महालापर्यंत सगळं जमवलं, मग आपल्याला एक शिरस्त्राण जमू नये?

अभ्यास मी कसून केला. जॉन ब्रोडीने १९१५मध्ये पेटंट घेतलेलं ब्रिटिश हेल्मेट उथळ, रुंद काठाचं, टाळूवर अस्तर अडकवायला भोक. पोलाद मँगेनीजचं, त्यामुळे लोहचुंबक चिकटत नाही. जर्मनांचं १९१६चं कान-मान झाकणारं, त्याला चिकटतो.

फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक खिशात टाकून मी मंगळवार पेठेतला, पण बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार गाठला आणि गंजके पाने, बिनकाट्यांची घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे ओलांडत एका ताडपत्रीपाशी थबकलो. उपडं, उथळ, रुंद काठाचं, पोचे आलेलं. आणि बरोब्बर मध्यावर भोक!

‘‘काय हे?’’ मी जमेल तितक्या बेफिकिरीने विचारलं.

‘‘जर्मन टोप आहे, साहेब.’’

गणपती लावला. घसरला. म्हणजे जर्मन नव्हेच, अस्सल ब्रोडी! बिचाऱ्याला आपण काय विकतोय तेच ठाऊक नाही, या अपराधी आनंदात मी घासाघीससुद्धा केली नाही. वजन किलोभर हवं होतं, हे भलतंच हलकं लागलं. पण शंभर वर्षांत पोलादही झिजत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

घरी आल्यावर ते टीपॉयवर मांडून, सोमची लढाई, खंदक, चिखल, सगळं बायकोला रंगवून सांगितलं आणि आतला काळा थर ही त्या खंदकातली माती असल्यामुळे मोलकरणीला हात लावू देऊ नकोस, अशी ताकीदही दिली. बायकोचं माहेर गिरगावातलं. तिने टोप सुलटा केला, बोटाने टकटक वाजवला.

‘‘अहो, जर्मनचाच आहे की. बूड गेलं म्हणून टाकला असेल कुणी.’’

‘‘आणि ही माती?’’

तिने नखाने थोडी खरवडली, हुंगली.

‘‘दूध करपलंय.’’