वाटी परत द्यायचीय

हा इसम दर मे महिन्यात कोकणातल्या घराघरांत उतरतो. तुमच्याकडेही उतरत असणार. वय एकोणीस-वीस, पाठीला सॅक, कानात बोंडं आणि पायरीवर पाय ठेवताच पहिला प्रश्न, "इथे रेंज कुठे येते?" आमच्याकडे उतरतो तो माझा सख्खा भाचा. राजापूरजवळच्या आमच्या घरी रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, त्यामुळे भाचेबुवांचा मुक्काम विहिरीवरच असे. पाणी मात्र त्यांनी कधी काढलं नाही.

2025 च्या मेमध्ये शेजारच्या काकूंकडे त्यांची नात आली आणि भाचेबुवा रेंज विसरले.

काकूंनी ओल्या काजूगरांची उसळ पाठवली होती. घासलेली वाटी ओट्यावर पालथी पडली होती. "वाटी परत द्यायचीय ना? मी देतो." ज्या मुलाने स्वतःची कपबशी कधी मोरीपर्यंत नेली नाही, तो हे बोलला. मी पेपर खाली ठेवला. आईने मात्र मान वर न करता वाटीत चार गरे घातले. वाटी रिकामी परत करायची नाही, हा आपल्याकडचा नियम. प्रेमात पडलेल्या माणसाला इतका सोयीचा कायदा आजवर कुठल्या सरकारने करून दिलेला नाही. भरली वाटी गेली की पलीकडूनही भरलीच येणार; आली की परत करणं आलंच. वाटीवर काकूंचं नाव कोरलेलं, तेव्हा ठेवून घ्यायचीही सोय नाही.

काकूंचं घर गडग्यापलीकडे. हात लांब केला तर वाटी पोचते. भाचेबुवा मात्र बेडं उघडून, पाखाडी उतरून, कोरडा व्हाळ ओलांडून आणि देवळाला वळसा घालून जात. चाळीस मिनिटं! एकदा मी विचारलंच, "एवढा वेळ?"

"सांडू नये म्हणून हळू गेलो, मामा."

वाटीत आंबापोळी होती.

पण या प्रकरणातली खरी मुरब्बी निघाली आमची आई. तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "आधी एवढे नारळ सोल, मग वाटी नेऊन दे." भाचेबुवांनी सोललेला प्रत्येक नारळ आठवडाभर दाढी न केलेल्या माणसासारखा दिसे, पण सोलले सगळे. मग रातांबे फोडणं आलं, सालं उन्हात घालणं आलं, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवणं आलं. आमसुलांना पुटांवर पुटं चढत होती आणि दर पुटामागे एक वाटी पलीकडे जात होती. आंबे उतरवतानाही स्वारी झेला घेऊन पुढे. आंबा देठासकट काढायचा, नाहीतर चीक उडतो, हे चारदा सांगितलं होतं. पाचव्यांदा चिकाने सांगितलं. डाव्या गालावर काळा डाग उमटला. त्या दिवशीही वाटी गेली; नुसतं सगळं बोलणं देवळाकडे तोंड करून झालं म्हणे.

डोंबिवलीहून ताईचा फोन आला. "तो काम करतोय? अरे, अंगात ताप नाही ना बघ!"

मला सगळ्याचा वैतागच येत होता. कोशिंबीर चाखायला घ्यावी तर ती वाटीत. चटणी मागावी तर ती वाटीतून गेलेली. आमच्याच घरात मला आमटीला वाटी मागायची चोरी.

पण या वेळापत्रकाची खबर हवामानाला कोण देणार? मुंबईत एरवी 11 जूनच्या सुमारास येणारा पाऊस त्या वर्षी 26 मेलाच आला. तळकोकणात त्याच्याही आदल्या दिवशी. झाडावरचे आंबे झाडावर राहिले. अर्धी वाळलेली आमसुलं आम्ही धावत पडवीत ओढली. त्या धांदलीत काकूंचा मुलगा गाडी घेऊन आला आणि लेकीला पुण्याला घेऊन गेला. वाटी आमच्याकडेच राहिली.

भाचेबुवा दिवसभर ओटीवर बसून होते. विहिरीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. चेष्टा करायला मी तोंड उघडणार, तोच त्यांनी आईला विचारलं, "आजी, आम्ही कोणी नसतो तेव्हा वाटी कोण नेतं गं?"

"कोण नेणार? गडग्यावर ठेवायची नि हाक मारायची," आई आमसुलं चाळवत म्हणाली. "हल्ली तिला हाक ऐकू येत नाही."

मी पेपर उघडला. तो दोन दिवसांपूर्वीचा निघाला. सुट्टी संपली की मुंबई गाठणाऱ्यांत मीही होतोच.

त्या वर्षी चतुर्थी 27 ऑगस्टला होती. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी आठला उघडतं आणि गणपतीतल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. आठला कूस बदलणारा हा मुलगा जूनअखेरीला साडेसातपासून फोन धरून बसला. आजवर गणपतीला तो गावी कधी आला नव्हता.

"ती येणार वाटतं?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण वाटी परत द्यायचीय ना, मामा."

चतुर्थीला आईने वाटीत दोन मोदक ठेवले, तिसरा मावेना. भाचेबुवा निघाले, पावसात, तेच बेडं, तीच पाखाडी. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. चाळीस मिनिटं झाली. म्हटलं, आली वाटतं पुण्याची मंडळी. गडग्यावरून मान उंचावून पाहिलं.

नात नव्हती. काकूंच्या पायरीवर भाचेबुवा एकटेच बसले होते. काकूंच्या कानाशी तोंड नेऊन कॉलेजातलं काहीतरी ओरडून सांगत होते आणि नारळ सोलत होते. कोणी सांगितलेलं नसताना.

दाढी मात्र तश्शीच ठेवली होती गाढवाने.