फेब्रुवारीचे शंभर रुपये

वर्षातला सगळ्यात तोकडा महिना फेब्रुवारी, आणि महाराष्ट्र सरकार पगारातून व्यवसाय कर सगळ्यात जास्त कापते तेही फेब्रुवारीतच. बाकी अकरा महिने 200 रुपये, फेब्रुवारीत 300. यात कुणाचा दुष्टावा नाही. घटनेच्या 276 व्या कलमाने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली, आणि 2,500 ला बाराने पूर्ण भाग जात नाही. दोनशेप्रमाणे 2,400 झाले, वर शंभर उरले. ते कुठल्या तरी महिन्याच्या अंगावर घालायला हवे होते, घातले सगळ्यात किडकिडीत महिन्याच्या. मला या शंभर रुपयांबद्दल उगाच माया वाटते. शाळेत भागाकार केला की बाकी कोपऱ्यात लिहून आपण मोकळे व्हायचो. पुढे तिचे काय होते, हे पगाराची स्लिप हाती आल्यावर कळले.

फेब्रुवारी सरता सरता नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, ऊन चटकू लागते. मेन रोडवर सुती कपड्यांचे ढीग लागतात, मृग बहाराच्या संत्र्यांच्या गाड्या उभ्या राहतात, आणि ज्या टेकडीवर 1817 च्या नोव्हेंबरात भोसल्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले तिच्या पायथ्याच्या गल्ल्यांतून माणसे बगलेत आयकराच्या कागदांची प्लॅस्टिकची फाइल धरून हिंडू लागतात. तसे नागपूरचे आणि आयकराचे नाते जुने आहे. देशभरातले आयकर अधिकारी छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत घडतात. म्हणजे पुढे कोइंबतूरला किंवा गुवाहाटीला कुणाच्या विवरणपत्रावर भुवई उंचावणारा साहेब कधीकाळी बर्डीवर रुमाल घ्यायला आलेला असणार आणि त्यानेही दहा रुपयांसाठी घासाघीस केलेली असणार. हा विचार करदात्याला धीर देतो.

कर नेमका कुठून सुरू होतो हे पाहायचे, तर त्या गाड्यांवरच्या संत्र्याचीच गोष्ट घ्या. काटोल-नरखेडच्या बागाइतदाराचे शेतीउत्पन्न आयकरातून मुक्त असते. फळ झाडावर असेपर्यंत, तोडून, निवडून, पेटीत भरून बाजारात विकेपर्यंत ते निष्पाप. त्याच फळाची बर्फी होऊन चांदीचा वर्ख लागला, की नफा करपात्र! मला तर संत्राबर्फीचा तुकडा तोंडात टाकताना, संसारात पडलेल्या माणसाविषयी वाटावे तसे काहीसे तिच्याविषयी वाटते.

आमचे आयकराचे वकीलसाहेब बर्डीच्या अशाच एका गल्लीत, अरुंद जिन्याने वर गेल्यावर भेटतात. टेबलावर रबरबँडांचा डबा, एक ओला स्पंज आणि खुणेसाठी मुडपलेल्या कागदांचे गठ्ठे. लग्नघरी कोपऱ्यात बसवून आपली सगळी खबरबात काढणाऱ्या मावशीसारखी त्यांची चौकशी चालते. “आई-वडील आहेत ना जी? किती वय झालं? पोरं किती? घराचं कर्ज फिटलं का नाही?” मुलांची शाळा-कॉलेजची शिक्षण फी वजावटीत धरतात, पण दोनच मुलांची, आणि बसचे पैसे त्यात नाहीत. आई-वडील साठीच्या पुढचे असून त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधपाण्यावर आपण केलेला खर्च 50,000 रुपयांपर्यंत 80 डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वजावटीत बसतो, हे मला या जिन्यावरच समजले. अट एवढीच, पैसे रोख दिलेले नसावेत. “धंतोलीच्या दवाखान्यात नोटा मोजून देता अन् मग माझ्यापुढे रडता,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. बचतीवरच्या 80 सी वजावटीची दीड लाखाची मर्यादा 2014 साली ठरली, तेव्हा बर्डीवर मेट्रोचा एक खांबही उभा नव्हता. आज मेट्रो डोक्यावरून धावते, मर्यादा आहे तिथेच आहे.

बाबांच्या काळी 80 सी नव्हते, कलम 88 होते. मार्चअखेरीस ते पोस्टातून राष्ट्रीय बचत पत्रे आणायचे. तेव्हा ती खरोखरच कागदाची असत, पोस्टाच्या गोल शिक्क्याची. आई ती कपाटात शालूच्या घडीत ठेवायची. सरकारला वाटे, हा माणूस कर वाचवतो आहे. बाबांनाही तसेच वाटे. प्रत्यक्षात त्या घडीत ताईचे लग्न जमा होत होते. मुदत भरली, पत्रे वटली आणि मांडवात पंगती उठल्या, तेव्हा कलम 88 ची आठवण कुणालाही झाली नाही. मला वाटते त्या कलमाचा एवढा चांगला उपयोग ते लिहिणाऱ्यालाही सुचला नसेल.

आता आयकराची नवी प्रणाली आली. 2023-24 पासून आपण काही बोललो नाही तर तीच आपली. बारा लाखांपर्यंत कर शून्य, पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. सीताबर्डीच्या इंटरचेंजवर ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर जावे, तसे पगारदाराला दरवर्षी या प्रणालीतून त्या प्रणालीत जाता येते. धंदेवाल्याला मात्र जुन्या गाडीत बसून एकदा उतरले की पुन्हा सहसा चढता येत नाही. हिशेब सोपा झाला हे खरेच, आणि पुष्कळांचा त्यात फायदा आहे. भरण्याआधी दोन्हीकडून आकडा काढून पाहावा, एवढेच. पण नवी प्रणाली काही विचारत नाही. आईचे गुडघे, धाकटीची फी, घराचे हप्ते, कशाचीच तिला उत्सुकता नाही. फेब्रुवारीतले ते जादा शंभर रुपयेही ती वजा करू देत नाही. 1 एप्रिल 2026 हा ज्याच्या अंमलाचा दिवस, त्या नव्या आयकर कायद्यात 80 सी चे कलम 123 झाले. “लोकं येऊनच नाही राहिले जी,” वकीलसाहेब स्पंजावर बोट दाबत म्हणाले. त्यांना फीचे दुःख होते की गप्पांचे, ते मला ठरवता आले नाही.

माझे आकडे अजून जुन्या बाजूने जमतात, कारण मी बाबांचा भाडेकरू आहे. घर त्यांच्या नावावर. भाडे दर महिन्याला बँकेतून त्यांच्या खात्यात जाते, ते आपल्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवतात, त्यावर त्यांना 30 टक्के वजावट मिळते आणि मला घरभाडे भत्त्याची सूट. वर्षाचे भाडे लाखाच्या वर गेल्याने पावतीवर त्यांचा पॅन लागतो. सगळे कायद्यात बसणारे. नातेच तेवढे बसायला वेळ लागला. घरमालक झाल्यापासून बाबा जिन्यातला दिवा चालू दिसला की आवाज देतात, भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी विचारावे लागते. मार्चमध्ये पावती लिहायला बसले की चष्मा पुसतात, रेव्हेन्यू तिकीट जिभेला लावून नीट कोपऱ्यात चिकटवतात आणि वळणदार अक्षरात माझ्या नावाआधी ‘श्री.’ लिहितात. आयुष्यभर ‘अरे’ ऐकलेल्या मला तो श्री पाहून दरवर्षी अवघडायला होते. यंदा सही करता करता त्यांनी पेन थांबवले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “एप्रिलपासून दहा टक्के वाढवायचं का रे?”